उतईजवळ मी वारले

माणसाला स्वतःच्या मरणाची बातमी सहसा ऐकायला मिळत नाही. मला मिळाली. भिलाईच्या सिविक सेंटरमधल्या एका दुकानाच्या गच्चीवर मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर पर्स, हातात कागदी कपातली कडू कॉफी. बातमी देणारी माझी सख्खी नात होती, आणि सांगताना तिचा आवाज चांगला भरून आला होता.

पण मी त्या गच्चीवर कशी पोचले ते आधी सांगायला हवं.

नात आमच्याकडे राहते. तिचे आईबाप नोकरीपायी पुण्यात. ही इथं कॉलेजसाठी आली आणि कॉलेज संपलं तरी गेली नाही. "कावून?" असं विचारलं तर म्हणाली, "आजी, भिलाईत काय काय होऊन राहिलंय तुले माहीत आहे का? तू देखा ही नहीं कुछ." ती माझ्याशी अशीच बोलते, अर्धं वाक्य नागपूरचं, अर्धं दुर्गचं. मी म्हटलं, मी या गावात लग्न करून आले तेव्हा तुझा बापही झालेला नव्हता, मले काय दाखवतेस. तर तिनं मला स्कूटीवर मागं बसवलं.

पहिल्यांदा घेऊन गेली एका मुलीकडे. ती मुलगी चित्रं काढते, म्हणजे काढत नाही, चढवते. घरामागच्या शेडमध्ये लोखंडाचे पत्रे उभे करून ठेवलेले. त्यांच्यावर ती चिंचेचं पाणी आणि मीठ शिंपडते, गंज धरू देते, रोज पाहते, आणि मनासारखा झाला की वरून वार्निश मारून तिथंच थांबवते. एका पत्र्यावर केशरी, तपकिरी, मधेच काळा असा डाग पसरला होता. लांब उभं राहून पाहिलं तर पाळी सुटल्यावर स्टील प्लांटच्या गेटातून बाहेर पडणारी माणसं दिसत होती. माणूस एकही काढलेला नव्हता.

मी त्या मुलीला म्हटलं, "बेटा, मेरी तो जिंदगी गई जंग के दाग निकालने में. नींबू-नमक रगड़ रगड़ के."

ती हसली. म्हणाली, "आंटी, आपने बहुत पेंटिंग खराब कर दी फिर."

घरी येताना मला आमच्या पहिल्या क्वार्टरमधली ती बाई आठवली. ती म्हणजे मीच, पण मी तिला 'ती' म्हणते, बरं पडतं. कोऱ्या भिंतीवर काय लावावं या चिंतेत त्या बाईनं अख्खा हिवाळा दुसुतीवर काश्मीरचं तळं भरलं. तळ्यात हंस. टाके मोजण्यात घोळ झाला आणि हंसाची मान पाठीवर पडली. येणारा जाणारा विचारायचा, वहिनी, हे बदक आजारी आहे का? खिडकीबाहेर लांबवर प्लांटच्या भट्टीचा वितळलेला मळ ओतला की सगळं आभाळ लाल व्हायचं, केशरी व्हायचं, आणि ही बाई काय करायची, तर उठून पडदा ओढायची आणि आजारी बदकाकडे पाहत बसायची. काश्मीर तिनं आजपर्यंत पाहिलेलं नाही.

दुसऱ्यांदा गेलो गोंदणवाल्याकडे. त्याचं दुकान सिविक सेंटरलाच, एक अरुंद जिना चढून. तो स्वतः इतका गोंदलेला, की शर्ट घातलाय की नाही हे कळायला मला वेळ लागला. गावागावांतल्या म्हाताऱ्या बायांच्या अंगावरचे जुने ठिपके पाहून त्यानं स्वतःचे नवे केले होते. त्यांत क्रेन होती, विजेचे मनोरे होते, मालगाडी होती. नातीच्या खांद्यावर त्यानं कधीच एक मालगाडी काढली होती. मला घरात ती ओढणीखाली दिसली नव्हती, तिथं दिसली. डबे छान आले होते.

माझ्या मनगटावर लहानपणीचं गोंदण आहे. मावशीच्या मांडीवर बसून काढलेलं, तिच्या हातावर होतं तसंच, मधे एक फूल आणि भोवती ठिपके. आमचे हे अधिकारी झाल्यावर क्लबात जाणं सुरू झालं, तेव्हा त्या बाईला या गोंदणाची फार लाज वाटायला लागली. तिनं रुंद पट्ट्याचं पुरुषी घड्याळ आणून त्यावर बांधलं. घड्याळ बंद होतं. कोणी वेळ विचारली की बाई मनगट डोळ्यांजवळ नेऊन, विचार करून, अंदाजानं काहीतरी सांगायची. तिच्यामुळे एका साहेबांची गाडी चुकली होती.

गोंदणवाल्यानं माझा हात बराच वेळ धरून पाहिला. मग म्हणाला, "अम्मा, यह मैं किसी और को बना सकता हूँ?"

मी म्हटलं, "नहीं. यह मेरा और मेरी मौसी का है."

"ठीक है," म्हणाला, आणि उचललेली पेन्सिल परत ठेवली. पुढं कोण्या मुलीनं माझा हात पाहून तसंच मागितलं तर त्यानं सांगितलं, वो अम्मा का है, कुछ और ले लो. हे मला नातीनंच येऊन सांगितलं, मोठ्या कौतुकानं. "आजी, किती भारी आहे ना तो? कोई और होता तो छाप देता." हे तिचे शब्द आहेत. मी विसरलेली नाही.

तिसरं ठिकाण म्हणजे तिचा बँड. जवळच कुम्हारीला, हायवेवरून आत गेलं की, विटांचा एक बंद पडलेला कारखाना आहे, त्याच्या गोदामात यांची तालीम. नात गिटार वाजवते आणि गाते, एक मुलगा तेलाची पिंपं आणि पत्र्याचे डबे बडवतो, दुसरा लॅपटॉपवर आवाज काढतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कोणीतरी मिक्सरमध्ये गोटे घातलेत. पण हळूहळू त्याची चटक लागली. एक गाणं नळाला पाणी न येण्यावर होतं. मुख्य म्हणजे ही पोरं गळा मोकळा सोडून गात. क्लबातली ती बाई गझल शिकायला जायची, आणि गझल म्हणजे नाकातून म्हणायची असते अशी तिची समजूत होती. लोक टाळ्या वाजवत, कारण तिचा नवरा साहेब होता.

त्या डबे बडवणाऱ्या मुलाला मी एक दिवस म्हटलं, डबा बडवायचा नाही रे, हलवायचा असतो. नाही कळलं त्याला. मग घरून आमचा खिरापतीचा डबा घेऊन गेले.

विदर्भातल्या बायांना सांगायला नको. भादव्यातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. संध्याकाळी पोरी जमतात, मातीच्या भुलाबाई-भुलोजीसमोर गाणी म्हणतात, आणि शेवटी घरची बाई बंद डब्यात खिरापत आणून डबा हलवते. आवाजावरून ओळखायचं आत काय आहे. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. आम्ही नवीन होतो तेव्हा प्लांटच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरमध्ये, गल्लीतल्या मराठी पोरी, त्यांच्या माया, सगळ्या आमच्या अंगणात मावत नसत. आता कोणाच्या पोरींना ती गाणी येत नाहीत. माझा डबा दरवर्षी हलतो इतकंच.

मी गोदामात डबा हलवला आणि गाणं म्हटलं. आईकडून आलेलं:

बोरीच्या झाडाले लागली बोरं,
वेचाले गेली मी, भोवती पोरं,
पदरात घेतली, पदर फाटला,
सासूच्या पोटात गोळा उठला.

अशी त्याची बरीच कडवी आहेत, आईची, आजीची, तिच्याही आधीच्या कोणाकोणाची. शेवटचं कडवं मात्र माझं. आमचे हे तेव्हा प्लांटात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होते, सायकलनं जात. मी लग्न होऊन पहिल्याच भुलाबाईला, अंगणात, सगळ्या बायांसमोर जोडून म्हटलं होतं:

भोंगा वाजला, पाळी सुटली,
क्वार्टरच्या दारी सायकल टेकली,
भुलोजी आले, भुकेले आले,
काळं तोंड घेऊन मुका मागाले.

बाया हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या. माझी सासू तेव्हा गावाहून आलेली होती, ती उठून आत गेली आणि आतून हसण्याचा आवाज आला. पुढं घड्याळवाली, गझलवाली, बदकवाली अशी मी पुष्कळ झाले, त्यांतली एकही धड नव्हती. पण ते कडवं म्हणणारी पोरगी मला आजही आवडते. आयुष्यात स्वतःचं असं मी तेवढंच केलं. बाकी स्वयंपाक.

नातीनं हे सगळं एके दुपारी आमच्या स्वयंपाकघरात फोनवर रेकॉर्ड केलं. पंखा बंद, फ्रिज बंद, मी घामानं ओली. म्हणाली, तुझाच आवाज ठेवणार आणि आम्ही त्याच्याभोवती वाजवणार. मी म्हटलं, "ठेव. पण शेवटचं कडवं कापायचं नाही. आणि लोकांना 'हे माझ्या आजीचं आहे' असं तू म्हणायचं."

"हाव ना आजी."

"म्हणशील ना पण?"

"अगं पक्का. तू भी ना."

कार्यक्रम ठरला तेव्हा म्हणाली, तू येऊ नकोस, गर्दी असते, आवाज फार असतो, तुझं बीपी. मी हो म्हटलं. आणि त्या संध्याकाळी ती गेल्याबरोबर माझी निळी नागपुरी नेसले आणि ऑटो करून गेले. मनात ठरवलं होतं, की ही माझं नाव घेईल, म्हणेल आजी आज इथं असायला हवी होती, आणि मग मी हळूच उभी राहीन. नमस्कार कसा करायचा तो आरशात करूनही पाहिला. क्लबातल्या बाईसारखा हात फार वर न्यायचा नाही, छातीशीच ठेवायचा.

गच्चीवर सगळी पोरं उभी होती. माझे पांढरे केस पाहून कोणीतरी धावत खुर्ची आणली. गोंदणवाला दिसला, त्यानं लांबून हात हलवला. गंजवाल्या मुलीचे पत्रे मागं टांगले होते आणि त्यांच्यावर दिवे सोडले होते. मला खरोखर वाटलं, की हे आपलं गाव आहे. इतकी वर्षं इथं राहून पहिल्यांदा.

दोन-तीन गाणी झाली. मग नात माइकजवळ आली. मी कॉफी खाली ठेवली, पर्स काखेत घेतली, चपला सरळ केल्या.

ती म्हणाली, "अगला गाना एक आवाज़ है. उतई के पास एक गाँव में हमें एक बूढ़ी अम्मा मिली थीं. यह गाना जानने वाली वो आख़िरी थीं. रिकॉर्डिंग के कुछ दिन बाद वो नहीं रहीं."

मी तोवर अर्धी उठले होते. उठले तशी बसता येईना, म्हणून निऱ्या नीट केल्यासारखं केलं आणि मग बसले.

पोरांनी माना खाली घातल्या. आणि माझा आवाज आला, फार मोठा, विहिरीतून आल्यासारखा. बोरीच्या झाडाले लागली बोरं. माझ्या डब्याचा खुळखुळ. एका कडव्याच्या मागं तर आमच्या स्वयंपाकघरातली पाल चुकचुकली, तीही ऐकू आली. उतईची पाल. मी एकेक कडवं मोजत होते. आईचं आलं, आजीचं आलं. पदर फाटला, गोळा उठला. आता भोंगा वाजेल म्हणून मी श्वास धरून बसले, तर गिटार चढली, पिंपं वाजली आणि गाणं संपलं.

माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी डोळे पुसत होती. वाकून म्हणाली, "आंटी, आपको समझ में आया? कौन सी भाषा है?"

सांगायला तोंड उघडलं होतं. त्याच वेळी नातीनं खाली पाहिलं आणि मी तिला दिसले. दिवा माझ्या निळ्या पदरावरच होता. तिचा हात तारांवर थांबला. मग तिनं मान वळवली आणि गिटारीच्या खुंट्या पिळायला लागली, जणू स्वर उतरला होता.

"नहीं बेटा," मी त्या मुलीला म्हटलं. "गाँव की कोई भाषा होगी."

हे मी का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं नव्हतं, हे एक. पण घरची पोर आहे म्हणून झाकायचं आणि घरच्याच पोरीनं आपल्याला पुरायचं, असा तो हिशेब होता, आणि तो ऑटोत बसल्यावर मला कळला.

घरी आमचे हे जागेच होते. कानाचं यंत्र लावून बातम्या पाहत होते. "झालं का गाणं?" म्हणाले.

"झालं. मी मेली म्हणून सांगितलं तिनं."

"कोण मेलं?"

"मी. उतईजवळ."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मेली कावून? चहा तर आत्ता ठेवून राहिली तू."

नात आली तेव्हा आम्ही दोघं चहा पीत होतो. ती दारातच उभी राहिली. मग एकदम बोलायला लागली, की आजी, तू समझ. आजी म्हटलं ना, की लोकांना घरचा कार्यक्रम वाटतो, बर्थडेसारखा. मोबाइल काढून बसतात. गाँव, आख़िरी आवाज़ म्हटलं तर ऐकतात. तू देखा ना, कसे ऐकून राहिले होते?

"आणि माझं कडवं?"

"त्यात क्वार्टर आहे ना आजी. भोंगा आहे. गावात कुठं असतो भोंगा? पूरा झूठ पकड़ा जाता."

हे ऐकून मला हसू आलं, खरंच आलं. एकंदरीत जे खोटं होतं ते ठेवलं आणि जे खरं होतं ते खोटं पडेल म्हणून कापलं. सेक्टरमधली म्हातारी, सोफ्यावर बसणारी, गॅसवर चहा करणारी, तिचं गाणं यांच्या कामाचं नाही. त्या क्लबातल्या बायांना मी गावची म्हणून नको होते. यांना मी गावची नाही म्हणून नको. मधल्या मधे जगले कुठं मी?

"गोंदणवाल्यानं विचारलं होतं मले," मी म्हटलं. "तो तर परका होता."

तिनं ओढणी खांद्यावर ओढून घेतली, मालगाडीवर.

गाणं मग पोरांच्या फोनांत फिरलं. रायपूरहून कोणी बोलावलं. लोक विचारायला लागले, उस अम्मा के और गाने हैं क्या? एका सकाळी ही माझ्यासमोर येऊन बसली, मी मेथी निवडत होते. तीही निवडायला लागली. एरवी कधी निवडत नाही.

"आजी, एखादं दुसरं दे ना. तुले तर किती येतात."

"मले येतात," मी म्हटलं. "पण मी गेली ना बाई. गेलेली कशी गाईन?"

"आजी, प्लीज."

"उतईले जाऊन पाहा. तिची कोणी बहीण-बिहीण असेल."

ती मेथी टाकून उठली. दोन दिवस आमच्यात फक्त जेवायला ये आणि गॅस बंद कर एवढंच बोलणं झालं. आमच्या ह्यांना यंत्र काढून ठेवलं तरी घरातली शांतता ऐकू यायला लागली. मला म्हणाले, "सोडून दे. लहान आहे." मी म्हटलं, लहान आहे म्हणून तर दुखून राहिलं. मोठ्यांचं काय, ते कधीच कोणाचे नसतात.

भादव्यात पौर्णिमा आली. मी भुलाबाई बसवली. गल्लीतली एक तेलुगू शेजारीण आणि तिची सून तेवढ्या आल्या, टाळ्या वाजवल्या, निघून गेल्या. नात दाराला टेकून उभी होती. मी आतून डबा आणला आणि तिच्यासमोर हलवला, कारण समोर तीच उरली होती.

ती खाली बसली. लहानपणी बसायची तशी, मांडी घालून, कान पुढं करून. "शेंगदाणे," म्हणाली.

"नाही."

"फुटाणे. साखरफुटाणे. खोबऱ्याचे तुकडे."

"नाही, नाही, नाही."

"पेढे तर वाजत नाहीत. हरले मी. सांग ना आजी."

"ज्या बाईले माहीत होतं," मी म्हटलं, "ती उतईजवळ वारली."

तिचे डोळे भरले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी सांगीन मी. नाव घेऊन सांगीन. पक्का."

हा पक्का मी आधी ऐकलेला होता. "आधी ते कडवं म्हण," मी म्हटलं. "माझं. मग डबा उघडते."

"भोंगा वाजला," ती म्हणाली. "पाळी सुटली." मग थांबली. ओठ हलले, आवाज आला नाही. तिनं फोन काढला, वर-खाली केलं, परत वर-खाली केलं. मी पाहत होते. कापलेलं तिनं ठेवलंच नव्हतं.

आमचे हे कोपऱ्यात खुर्चीत बसले होते. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण कडव्यातलं काळं तोंड त्यांचंच. ते छताकडे पाहून मिश्यांतल्या मिश्यांत हसत होते. त्यांनीही सांगितलं नाही.

डबा मी न उघडताच ओट्यावर ठेवून दिला. सकाळी कुम्हारीला निघताना तिनं तो उचलला, कानाजवळ नेऊन हळूच हलवला, आणि परत होता तिथं ठेवला. मी दोडके चिरत होते. वर पाहिलं नाही.